एएफएम काढताना ट्रकसाठी कॅमशाफ्ट कसा निवडावा

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या आणि शेव्हरोले सिल्वेराडो, जीएमसी सिएरा, टाहो, सबर्बन यांपैकी एखादी गाडी बाळगणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. या गाड्यांच्या व्ही८ इंजिनात हलक्या भाराला चार सिलिंडर बंद ठेवणारी यंत्रणा असते. आधी तिला 'डिस्प्लेसमेंट ऑन डिमांड' म्हणत, पुढे 'अ‍ॅक्टिव्ह फ्युएल मॅनेजमेंट' म्हणजे एएफएम म्हणू लागले. तिचा लिफ्टर, म्हणजे कॅमशाफ्टच्या हालचालीने व्हॉल्व्ह उघडायला लावणारा भाग, गेला की बरेच मालक ती कायमची काढून टाकायचं ठरवतात, आणि मग प्रश्न येतो तो कॅमशाफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे उंचवटे (लोब) असलेल्या फिरत्या दांड्याचा. नवखा माणूस इथे यूट्यूबवरचा आवाज ऐकून कॅम निवडतो, आणि पुढे ट्रेलर जोडल्यावर गाडी चढावर रडते. कॅम निवडण्याचा खरा क्रम वेगळा आहे: आधी इंजिन ओळखायचं, मग गाडीचं काम ठरवायचं, आणि आकड्यांकडे त्यानंतर वळायचं.

यंत्रणा काढली की कॅम का बदलावा लागतो

एएफएम चालू झाली की १, ४, ६ आणि ७ नंबरचे सिलिंडर बंद होतात. फायरिंग ऑर्डर १-८-७-२-६-५-४-३ अशी आहे, म्हणजे क्रमाने एकाआड एक सिलिंडर गप्प बसतो आणि इंजिन व्ही४ सारखं चालतं. या चार सिलिंडरांचे आठ लिफ्टर खास असतात. त्यांच्या पोटात कुलूपासारख्या पिना असतात. इंजिनाच्या मधल्या खाचेवरच्या झाकणाखाली चार सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचा, संच असतो; तो लिफ्टरकडे ऑइलचं प्रेशर सोडतो, पिना आत सरकतात, लिफ्टरचं बाहेरचं अंग लोबवर वरखाली होत राहतं, पण व्हॉल्व्हकडे जाणारी दांडी, म्हणजे पुशरॉड, हलत नाही आणि व्हॉल्व्ह बंदच राहतो.

बिघाड इथेच होतो. पिना अडकतात, लिफ्टर मोकळाच राहतो किंवा त्याचा रोलर खराब होऊन लोब खरवडतो. अशा वेळी साधे लिफ्टर टाकून जुनाच कॅम ठेवावा असं अनेकांना वाटतं. तसं करू नका. मूळ कॅमवर त्या चार सिलिंडरांच्या लोबचा आकार इतर चारांपेक्षा वेगळा ठेवलेला असतो, कारण तो त्या खास लिफ्टरसाठी घडवलेला असतो. साधे लिफ्टर बसवल्यावर अर्धं इंजिन एका हिशोबाने आणि अर्धं दुसऱ्या हिशोबाने श्वास घेतं. म्हणून एएफएम यंत्रातून काढायची तर एएफएम नसलेला कॅम हवाच.

इंजिन खोलण्याआधी

टकटक आवाज आला म्हणजे लिफ्टरच गेला असं नाही. या ट्रकांमध्ये एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा बोल्ट तुटणं अगदी नेहमीचं आहे, विशेषतः टोकाच्या सिलिंडरांजवळचा. तो आवाज थंड इंजिनात मोठा असतो आणि मॅनिफोल्ड तापून फुगलं की कमी होतो. लिफ्टर गेला असेल तर आवाजासोबत बहुधा एकाच सिलिंडरचं मिसफायर येतं. कोड वाचा. पी०३०० नंतरचे आकडे कोणत्या सिलिंडरचं फायरिंग चुकतंय ते सांगतात. पी३४०१, पी३४२५, पी३४४१ आणि पी३४४९ हे अनुक्रमे १, ४, ६ आणि ७ च्या सोलेनॉइड सर्किटचे कोड आहेत. तेवढ्यावरून लिफ्टरला दोष देऊ नये. वायर किंवा सोलेनॉइडही असू शकतो.

ऑइल फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघा. लोखंडाचा चुरा चमकत असेल, तर तो ऑइलबरोबर पंपात आणि बेअरिंगमध्येही गेलेला असणार. तिथे नुसता कॅम आणि लिफ्टर बदलून इंजिन परत जोडून टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी बेअरिंग तपासून घ्या.

लिफ्टर शाबूत असतील तर आणखी एक रास्त मार्ग आहे. ओबीडी पोर्टला (कोड वाचायच्या सॉकेटला) लावायचं उपकरण वापरून किंवा ट्यूनमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बदल करून एएफएम फक्त झोपवता येते. इंजिन कायम व्ही८ वर राहतं. पण खास लिफ्टर आतच राहतात, त्यामुळे ते कधीच जाणार नाहीत अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र काहीच करू नका. नव्या शेव्हरोलेच्या पॉवरट्रेनला ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांची वॉरंटी असते. तोवर दुरुस्ती डीलरकडूनच करून घ्यावी.

कायद्याचा विचार याच टप्प्यावर करा, भाग मागवल्यावर नाही. अमेरिकेत क्लीन एअर अ‍ॅक्टखाली उत्सर्जनाशी संबंधित रचना बदलणं हा गंभीर विषय आहे. कॅलिफोर्नियात तर कार्बचा (राज्याच्या हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर असलेलाच भाग रस्त्यावरच्या गाडीला चालतो, आणि १९ जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये (उत्सर्जन चाचणीत) ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं, सॉफ्टवेअर मूळचं आहे की बदललेलं हेही पाहतात. म्हणजे बे एरियात राहणाऱ्याला आणि चाचणीच नसलेल्या एखाद्या काउंटीत राहणाऱ्याला एकच सल्ला लागू होत नाही. नंबर मिळत नसेल तर मूळ एएफएम भागांनीच इंजिन दुरुस्त करणं तुमच्यासाठी योग्य आहे.

इंजिन नेमकं कोणतं

सगळ्यात जास्त चुकीचे भाग इथे मागवले जातात. '५.३ लिटर' एवढं सांगून भागत नाही. व्हीआयएनचं, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचं, आठवं अक्षर इंजिन सांगतं. जुन्या गाड्यांत ग्लोव्ह बॉक्समधल्या स्टिकरवर आरपीओ कोडही, म्हणजे गाडीत कोणते भाग बसवलेत ते सांगणारे जीएमचे कोड, मिळतात.

२००७ ते २०१३ च्या पिढीत एलवाय५, एलएमजी, एलसी९ अशी नावं दिसतील. ही चौथी पिढी. यातही दोन गट आहेत. २०१० पासून ५.३ लिटरच्या ट्रक इंजिनांना व्हीव्हीटी (व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा) आली, म्हणजे कॅमच्या पुढच्या गिअरमध्ये कॅमला पुढे-मागे सरकवणारा फेझर बसला. त्याआधीच्या इंजिनांत साधा गिअर असतो आणि तो कॅमला एका किंवा तीन बोल्टनी धरलेला असतो. फेझरवाला कॅम नेहमी एकाच मोठ्या बोल्टचा. तो बोल्ट म्हणजेच फेझरला ऑइल देणारा व्हॉल्व्ह असतो. एक बोल्ट, तीन बोल्ट, फेझर आहे की नाही, या गोष्टी कॅमच्या जाहिरातीत लिहिलेल्या असतात. तुमच्या गाडीशी जुळल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

२०१४ पासूनची ५.३ लिटरची एल८३ आणि ६.२ लिटरचं एल८६ ही पाचवी पिढी. इथे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, आणि त्याचा हाय प्रेशर पंप कॅमच्या मागच्या टोकाचा तीन कोपऱ्यांचा लोब चालवतो. चौथ्या पिढीच्या कॅमवर तो लोबच नसतो, म्हणून कितीही स्वस्त मिळाला तरी तो इथे चालत नाही. बाजारात काही कॅमवर हा इंधन लोब मूळपेक्षा मोठा मिळतो. ई८५ (इथेनॉल मिसळलेलं इंधन) जाळायचं किंवा सुपरचार्जर लावायचा नसेल तर मूळ मापाचा लोब पुरेसा आहे.

२०१९ पासून एल८४ आणि एल८७ मध्ये 'डायनॅमिक फ्युएल मॅनेजमेंट' आलं. त्यात सोळाही लिफ्टर बंद होऊ शकतात आणि सिलिंडर १७ वेगवेगळ्या पद्धतींनी चालू-बंद होतात. या गाड्यांत भाग मागवण्याआधी ट्यूनरला फोन करा. तुमच्या वर्षाचा ईसीयू उघडतो का, कसा आणि किती खर्चात, हे समजल्याशिवाय इंजिनाला हात लावण्यात अर्थ नाही.

हेवी ड्युटी २५०० मधल्या ६.० लिटरच्या एलवाय६ आणि एल९६ इंजिनांना एएफएम नव्हतीच. राम ट्रकच्या ५.७ लिटर हेमीत एमडीएस नावाची अशीच यंत्रणा आहे आणि तिथेही एमडीएस नसलेला वेगळा कॅम लागतो, पण भाग सगळे निराळे. पुढचं सगळं जीएमच्या इंजिनांबद्दल आहे.

कॅम कार्डवरचे आकडे

कॅमसोबत येणाऱ्या कागदावर चार गोष्टी बघायच्या. ड्युरेशन म्हणजे व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो. हा आकडा लिफ्टर ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर, उचलला गेल्यापासून मोजलेला असेल तरच दोन कॅमची तुलना करा. '२१२/२१८' लिहिलं असेल तर पहिला इनटेकचा, दुसरा एक्झॉस्टचा. लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो, ०.५०० इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. लोब सेपरेशन म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट लोबच्या शिखरांमधला कोन. आणि इनटेक सेंटरलाइन सांगते की इनटेकचं शिखर क्रँकच्या कोणत्या अंशाला येतं.

यातून दोन हिशोब स्वतः करता येतात, आणि ते केले की दुकानदाराच्या गोड शब्दांची गरज उरत नाही.

पहिला हिशोब ओव्हरलॅपचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी किती उघडे राहतात त्याचा. दोन्ही ड्युरेशनची सरासरी घ्या आणि त्यातून लोब सेपरेशनची दुप्पट वजा करा. तिसऱ्या पिढीच्या एलएम७ या साध्या ५.३ चा मूळ कॅम १९०/१९१, सेपरेशन ११४. सरासरी १९०.५, वजा २२८, उत्तर उणे ३७.५. मध्यम आकाराचा २१२/२१८, ११४ वाला घेतला तर उणे १३. आणि २२८/२३६, ११२ असा मोठा घेतला तर अधिक ८. उणे जितकं जास्त तितकं आयडल शांत, व्हॅक्यूम भरपूर, ब्रेकच्या बूस्टरला त्रास नाही. शून्याच्या पलीकडे गेलात की तो गडगडणारा आवाज येतो, आणि त्यासोबत कमी वेगावरचा अडखळतेपणाही येतो.

दुसरा हिशोब इनटेक व्हॉल्व्ह कधी बंद होतो त्याचा. ट्रकसाठी मी याला पहिल्यापेक्षा जास्त मानतो. इनटेक ड्युरेशनचं अर्धं करा, त्यात सेंटरलाइन मिळवा, १८० वजा करा. सेंटरलाइन ११२ धरली तर १९० च्या कॅमचा व्हॉल्व्ह पिस्टन तळाला जाऊन वर निघाल्यावर २७ अंशांनी बंद होतो, २१२ चा ३८ अंशांनी आणि २२८ चा ४६ अंशांनी. व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत वर येणारा पिस्टन थोडी हवा परत ढकलतो. कमी आरपीएमला ही गळती जास्त जाणवते, म्हणजे पिकअप जातो. बोट ओढून रॅम्पवर चढवताना इंजिन १,५०० ते २,५०० आरपीएममध्ये असतं. मोठ्या कॅमचा फायदा त्याच्या खूप वर सुरू होतो, तिथे तुमचा ट्रक क्वचितच पोचतो.

मोठ्या कॅमचा मोह होणाऱ्यांसाठी एक उदाहरण. २००८ च्या कॉर्व्हेटचं ६.२ लिटरचं एलएस३ इंजिन ४३० हॉर्सपॉवर देतं, आणि त्याचा मूळ कॅम फक्त २०४/२११, सेपरेशन ११७. तोच कॅम ५.३ लिटरमध्ये आणखी मोठा वागतो, कारण इंजिन जितकं लहान तितकं त्याच ड्युरेशनला ते जास्त अडखळतं. मग रोज ऑफिसला जाणाऱ्या ५.३ ला २२८ कशासाठी?

कोणत्या ट्रकला काय

ट्रेलर, बोट, घराचं सामान ओढणारा ट्रक असेल तर मूळ मापाचा एएफएम नसलेला कॅम घ्या, किंवा इनटेक २०० ते २१० अंशांच्या आसपासचा, सेपरेशन ११४ ते ११६. मूळ टॉर्क कन्व्हर्टर चालतो, आयडल मूळसारखं राहतं, ट्यूनही सोपं होतं. बहुतेक वाचक याच गटातले आहेत.

रोजचा वापर, अधूनमधून हलका ट्रेलर आणि थोडी हौस असेल तर २१० ते २१८, सेपरेशन ११२ ते ११४. आवाजात किंचित फरक पडतो, हायवेवर ओव्हरटेक करताना जोर जाणवतो. त्यापुढे, २२० पार केलंत की जास्त स्टॉलचा, म्हणजे जास्त आरपीएमला पकड घेणारा, कन्व्हर्टर हवा, नाहीतर सिग्नलवर गाडी पुढे रेटत राहते. ओझं ओढणाऱ्याने तिकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

ब्रायन टूली रेसिंग, टेक्सास स्पीड, कॉम्प कॅम्स, कॅम मोशन अशा कंपन्या ट्रकसाठी वेगळे कॅम विकतात. त्यांना फोन करून इंजिनाचा कोड, गिअर रेशो, टायरचा आकार आणि ओढायचं वजन सांगा. ही माहिती न विचारता कॅम सुचवणारा माणूस तुमच्या ट्रकचा विचार करत नाहीये.

व्हीव्हीटी ठेवावी की काढावी

ठेवावी. या इंजिनात एकच कॅम असल्याने फेझर इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकत्र पुढे-मागे करतो. इंजिन थांबलेलं असताना तो कॅम पूर्ण पुढे धरून ठेवतो, गरजेनुसार मागे सरकवतो. म्हणजे कमी वेगावर व्हॉल्व्ह लवकर बंद होऊन पिकअप मिळतो आणि जास्त वेगावर उशिरा बंद होऊन श्वास मिळतो. ओझ्याच्या ट्रकला याहून उपयोगी काय असणार?

धोका एवढाच की कॅम मागे सरकला की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या जवळ जातो. मूळ कॅमला ते झेपतं, मोठ्याला नाही. त्यासाठी फेझर लिमिटर नावाचा तुकडा मिळतो. तो सरकण्याची हद्द कमी करतो, आणि ट्यूनमध्येही ती हद्द बदलावी लागते. मूळ मापाच्या कॅमला सहसा त्याची गरज नसते. तुमच्या कॅमला लागतो का ते कॅम बनवणाऱ्याकडूनच विचारून घ्या. जिथे शंका असेल तिथे पिस्टनवर मॉडेलिंग क्लेचा गोळा लावून, इंजिन हाताने फिरवून अंतर मोजा. इनटेकला ०.०८० आणि एक्झॉस्टला ०.१०० इंच हे नेहमीचं किमान अंतर धरतात.

कॅमबरोबर काय मागवायचं

या इंजिनांत लिफ्टर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, हेडच्या खाली बसतात. म्हणून दोन्ही हेड उतरवणं अटळ आहे. पुढची यादी त्यातूनच येते.

सोळा साधे लिफ्टर. जीएमचे एलएस७ लिफ्टर या कामाला सर्रास वापरतात. एएफएम नसलेले चार ट्रे, कारण खास लिफ्टरचे ट्रे वेगळे असतात. हेड गॅस्केट. नवे हेड बोल्ट, कारण मूळ बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात. सोलेनॉइडच्या संचाऐवजी साधं झाकण, पण ब्लॉकमधली एएफएमची ऑइलची तोंडं नीट बुजवणारंच. ते न पाहता कोणतंही झाकण बसवलं तर तिथून ऑइल निसटून प्रेशर पडतं.

व्हॉल्व्ह स्प्रिंग लिफ्टवरून ठरतात. मूळ स्प्रिंग मूळ लिफ्टच्या आसपासच चालतात, ०.५५० इंचाच्या घरात जायचं तर एलएस६ किंवा एलएस३ च्या दर्जाच्या, त्यावर आणखी चांगल्या. कॅमवाल्याने सुचवलेला स्प्रिंग बदलून स्वस्तातला घेऊ नका, कारण स्प्रिंग तुटली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो. पुशरॉडची लांबी मोजूनच मागवा. चौथ्या पिढीत मूळ लांबी ७.४०० इंचांच्या आसपास असते, पण हेड घासलेलं असेल, गॅस्केटची जाडी बदलली असेल किंवा कॅमचा बेस सर्कल (लोबचा उंचवटा नसलेला गोल भाग) लहान असेल तर ती बदलते. पाचव्या पिढीत इनटेक आणि एक्झॉस्टच्या पुशरॉडची लांबी वेगवेगळी आहे.

टायमिंग चेन, ऑइल पंप आणि त्याच्या पिकअप ट्यूबची ओ-रिंग आत्ताच बदलून घ्या. ही ओ-रिंग चिमटली गेली तर नव्या पंपानेही प्रेशर येत नाही. कॅमच्या पुढची रिटेनर प्लेट तपासा. तिच्या मागे सील असतं. चौथ्या पिढीच्या ऑइल पॅनमध्ये एएफएमसाठी प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह असतो, तो काढून प्लग लावायची पद्धत आहे. पॅन उतरलेलाच असेल तर ते करून घ्या.

बसवणं आणि पहिलं स्टार्ट

कॅम आत सरकवताना त्याच्या तोंडाला लांब बोल्ट लावून हँडल करा आणि सरळ ठेवा, म्हणजे बेअरिंगला ओरखडा येत नाही. लोबला आणि लिफ्टरला असेंब्ली लुब्रिकंट सढळ लावा. गिअरचे ठिपके जुळवल्यावर क्रँक हाताने दोन फेरे फिरवा; कुठे अडलं तर जोर लावू नका, ठिपके परत बघा. क्रँकच्या पुलीचा बोल्टही नवाच लागतो. चौथ्या पिढीत जुना बोल्ट २४० फूट-पौंडांवर आवळून पुली बसवतात, तो काढतात, आणि नवा ३७ फूट-पौंड अधिक १४० अंश आवळतात. हेड बोल्टचं टॉर्क तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या. चौथ्या पिढीत ते ११ मिलिमीटरचे आणि पाचव्यात १२ चे असतात, म्हणून एकाचे आकडे दुसऱ्याला लावू नका.

स्टार्टआधी ईसीयूमध्ये बेस ट्यून गेलेलं हवं. एएफएम त्यात बंद केलेली नसेल तर ईसीयू नसलेल्या सोलेनॉइडना हुकूम देत राहील आणि कोड देईल. एचपी ट्यूनर्स किंवा ईएफआय लाइव्ह वापरणारा जवळचा ट्यूनर आधीच ठरवून ठेवा. सोलेनॉइडचं मोकळं कनेक्टर टेप लावून मॅनिफोल्डखाली बांधून टाका.

मग इंधन आणि इग्निशनचे फ्यूज काढून, दहा-पंधरा सेकंदांच्या टप्प्यांनी, मध्ये स्टार्टरला विश्रांती देत, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत क्रँक करा. काटा हलल्यावरच फ्यूज लावून इंजिन चालू करा. सुरुवातीला लिफ्टर थोडे खडखडतील, भरले की शांत होतात. दहा मिनिटांनंतरही एकच आवाज ठामपणे येत राहिला तर बंद करा आणि त्या सिलिंडरच्या पुशरॉडची लांबी परत मोजा.

रोलर कॅमला जुन्या सपाट टॅपेटसारखं ब्रेक-इन लागत नाही. तरी पहिले काही दिवस ट्रेलर जोडू नका. साधारण ५०० मैलांनी ऑइल आणि फिल्टर बदला, फिल्टर पुन्हा कापून बघा, आणि ट्यूनरला रस्त्यावरचे लॉग पाठवून ट्यून पक्कं करून घ्या.